बाबांची जीभ

घोट गिळून झाल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला काहीतरी उरलं आणि ॲन्सेल्मच्या मनात आपोआप एक शब्द उठला : जड. हा शब्द त्याचा नव्हता. पाण्याला जड म्हणणं त्याने कधीच सोडून दिलं होतं. शहरात पाणी स्वच्छ असतं, गढूळ असतं, सोसायटीच्या नोटिशीत ते 'अपुरे' असतं, फार तर बोअरचं असतं, जड नसतं. आणि तरी बिल्डिंगच्या मागे, जमिनीखालच्या टाकीच्या झाकणापाशी, स्टीलचा पेला हातात धरून तो उभा होता, टँकरचा जाड पाईप टाकीत धबाधबा ओतत होता, सकाळचे साडेसात वाजले होते, मे महिन्याचा घाम मानेवरून सदऱ्यात उतरत होता, आणि बाबा बारा-तेरा किलोमीटर आणि नऊ वर्षं ओलांडून येऊन त्याच्या तोंडात बसल्यासारखे म्हणत होते, जड हाय. त्याने दुसरा घोट घेतला. तोही तोंडात धरला, गालाकडून गालाकडे फिरवला. आधी गोडवा, मग वाळ्याच्या मुळाचा अगदी पुसट वास, आणि सगळ्यात शेवटी, गिळताना, तो ओझ्यासारखा भार. हे पाणी तो ओळखत होता. माणूस पाठमोरा दिसला तरी चालण्यावरून ओळखावा तसं ओळखत होता.

"काय सायेब, आजपण परत न्यायचं काय?" टँकरवाला सुधाकर चाकाला टेकून तंबाखू मळत होता. त्याचं म्हणणं बरोबर होतं. ॲन्सेल्मने एप्रिलमध्ये त्याला असं पिडलं होतं की बिचारा रडकुंडीला यायचा बाकी होता. मार्चमध्ये बँकेने स्वेच्छानिवृत्ती दिली, ॲन्सेल्म एक्कावन्नाव्या वर्षी घरी बसला, आणि घरी बसलेला माणूस दिसला की सोसायटीला जो आनंद होतो त्या आनंदात लोकांनी त्याला सेक्रेटरी केलं. वसई पूर्वेच्या एव्हरशाईन सिटीतल्या त्या सहा वर्षांच्या बिल्डिंगमध्ये छप्पन्न घरं, नळाला पाणी दिवसाआड, आणि येईल तेव्हा करंगळीएवढी धार. टँकर आधीपासून यायचे. पण कुठलं पाणी येतं ते कोणी चाखून पाहत नव्हतं. ॲन्सेल्मने चाखलं. पहिल्याच दिवशी त्याने गाडी परत पाठवली. हे बोअरचं, याने डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आम्ही काय गुरं आहोत? दुसऱ्या दिवशीही परत पाठवलं. तिसऱ्या दिवशी सुधाकरला समोर उभं करून, नंदाखालसारख्या विहिरींच्या गावात वाढलेल्या माणसाला शोभेल अशा ऐटीत त्याने सांगितलं, "आगाशी-निर्मळच्या पट्ट्यात जा. केळीच्या वाडीतलं, दगडी बांधाच्या विहिरीचं पाणी आण. विहीर कशी ओळखायची? पाणी पिऊन तहान लागली नाही पाहिजे." वर हेही म्हणाला की पाण्यातलं आम्हाला शिकवू नकोस, आमच्या बापाची जीभ आहे ही. लोक हसले होते. त्यालाही बरं वाटलं होतं. बँकेत सव्वीस वर्षं काढली, पण जिभेचा उपयोग तिथे कोणी विचारला नव्हता.

आणि तीन आठवडे पाणी खरंच उत्तम आलं. बायका जिन्यात थांबवून सांगायच्या. पहिल्या मजल्यावरच्या जयवंतीबाई म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या पाण्याने यांची चादर पांढरी निघाली हो." त्यांचे यजमान दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले, रोजच्या दोन-दोन चादरी धुवायच्या. ॲन्सेल्म स्वतः रोज एक पेला जास्तच प्यायचा. बायकोला, मर्सीला, म्हणायचा, हे पाणी प्यालं की बरी झोप लागते. मर्सी दवाखान्यात नर्स, तिने आयुष्यभर उकळलेलंच पाणी प्यायलेलं. ती म्हणायची, पाण्याने झोप लागत असती तर गोळ्यांचे कारखाने बंद पडले असते. कुठून येतं हे त्याने विचारलं नाही. आता टाकीपाशी उभा राहून त्याला कळत होतं की विचारलं नाही म्हणजे विसरला नव्हता. विचारायचं टाळलं होतं. गोड होतं तोवर ओळखायची गरज पडली नाही. जड झालं तेव्हा नाव आठवलं.

"कुठून भरतोस रे?" त्याने विचारलं. आवाज सहज ठेवला.

"नंदाखाल की. तुमीच म्हनला होता ना त्या बाजूला जा म्हनून. दोन-तीन ठिकानी बघितलं, शेवटी ही एक गावली. काठाला दगडावर क्रूस कोरलेला हाय. मानूस चांगला हाय, पास्कलशेठ." सुधाकरने तंबाखू ओठात सरकवली आणि पावतीबुक पुढे केलं. "सही करा."

ॲन्सेल्मने सही केली.

क्रूस कोरलेली विहीर. तो दगड कोणी बसवला कोणाला ठाऊक नाही. बाबा म्हणायचे, आपल्या आज्याच्या आज्याच्याही आधीचा, वसईच्या किल्ल्यात पोर्तुगीज होते तेव्हाचा. मावशी अँजेलिना म्हणायची, काय पण, तुमच्या आज्याने छिन्नी घेऊन दुपारी बसून काढलाय, त्याला दुसरा उद्योग नव्हता. इतिहास त्यांच्या घरात असाच, दोन माणसांच्या भांडणात शिल्लक राहिलेला. शाळेत गुरुजींनी किल्ला, तह आणि चिमाजी अप्पा शिकवले तेव्हा ॲन्सेल्मने घरी येऊन विचारलं होतं की आपण तेव्हा कोणाच्या बाजूने होतो. बाबा केळीच्या आळ्यात पाणी वळवत होते. फावड्याने पाटाचं तोंड बंद करत म्हणाले, आपण पाणी लावत होतो. पोराला ते उत्तर तेव्हा अगदीच फुसकं वाटलं. पुढे मुंबईला जाता-येता, चर्नी रोडच्या खोलीत, बँकेच्या काउंटरमागे, कोणी 'तुम्ही लोक मूळचे कुठले' असं मान तिरकी करून विचारलं की त्याला हटकून ते फावडं आठवायचं. सांगायचा मात्र वसई.

मे महिन्यात वाडीत सकाळ व्हायची ती विहिरीवर. सुट्टी लागली म्हणून झोपायचं हे त्यांच्या घरात कोणाला माहीतच नव्हतं. बाबा पहाटे उठायचे, पाणी ओढायचं इंजिन सुरू करायच्या आधी पितळी तांब्या दोरीला बांधून विहिरीत सोडायचे, आणि बाहेर काढलेल्या पाण्याचा एकच घोट तोंडात धरून डोळे मिटून उभे राहायचे. आय चुलीपाशी थांबायची. धाकटा भाऊ पास्कल, तेव्हा पाच-सहा वर्षांचा, चड्डी सावरत थांबायचा. केळीसुद्धा थांबल्यासारख्या वाटायच्या. मग बाबा तो घोट गिळायचे आणि तीनपैकी एक शब्द उच्चारायचे. गोड म्हणाले की इंजिन दोन तास. जड म्हणाले की अर्धा तास, आणि पाणी फक्त नवीन लावलेल्या कंदांना. आणि मचूळ म्हणाले की इंजिन बंद. मग कोणी काहीही म्हणो. खाली समुद्र बसलाय, ते म्हणायचे, आपलं गोडं पाणी त्याच्या डोक्यावर पातळ सायीएवढं आहे; जास्त ओढलं की तो वर बघतो. ॲन्सेल्मला लहानपणी खरंच वाटायचं की विहिरीच्या तळाशी कोणीतरी डोकं वर करून बघतंय, आणि पोहायला उडी मारताना तो पाय पोटाशी घ्यायचा. दिवसभर मग कामं. राजेळी केळी सोलून कारवीच्या मांडवावर सुकत घालायची, दुपारी उलटायची, संध्याकाळी चटईत गुंडाळून ठेवायची, आठवडाभराने त्या सुकेळ्यांवर केळीचं सुकं पान बांधायचं. हाताला चिकट गोड वास, मुंग्या, आयची हाक, पाटात सोडलेल्या पानाच्या होड्या. आणि पाटातलं पाणी वाकून, गुरासारखं तोंड लावून प्यायचं. काठावर बाबांनी वाळा लावलेला, त्याची मुळं दगडांच्या फटीतून आत उतरलेली. त्या पाण्याला म्हणून तो वास. दुसऱ्या कोणाच्या विहिरीला नव्हता.

बासष्टचा मे त्याला सगळ्यात नीट आठवतो. बारा वर्षांचा होता. त्या सकाळी बाबांनी घोट घेतला, गिळला नाही, थुंकला. मचूळ, म्हणाले. इंजिन बंद झालं ते अकरा दिवस. केळी घड धरून उभ्या, पानं आधी कडेने पिवळी पडली, मग मधून फाटली, मग खाली झुकली. सातव्या दिवशी ॲन्सेल्म रडत बाबांना म्हणाला, थोडंसं तरी सोडा ना, नुसतं थोडंसं. त्याने स्वतःच्या हाताने लावलेल्या चार केळी होत्या, दाराजवळच्या. बाबांनी त्याला मारलं नाही, समजावलंही नाही. त्याचा हात धरून बांधापलीकडे दिनानाथकाकांच्या वाडीत नेलं. तिथे पंप फुकफुकत होता, केळी हिरव्यागार होत्या, काका खाटेवर बसून विडी ओढत होते. बाबा म्हणाले, चाख. त्याने पाटातलं पाणी ओंजळीत घेतलं आणि त्याचं तोंड वाकडं झालं. काका ओशाळं हसले. पुढच्या वर्षी काकांची वाडी उभ्याने करपली, विहीर पुन्हा कधी गोडी झाली नाही. बायका तिथे नुसत्या कपडे धुवायला जायच्या, मग त्याही जाईनाशा झाल्या, मग कुठल्याशा बंगल्याचा राडारोडा त्यात पडला. बाबांच्या विहिरीचं पाणी मात्र बाराव्या दिवशी परत आलं. ॲन्सेल्मच्या चारही केळी तोवर मेल्या होत्या. बाबा त्याला म्हणाले, केळ परत लावता येते. एवढंच. बाबा बोलायला तसे कंजूसच.

तर त्या सकाळी सही करून ॲन्सेल्म वर आला आणि काहीच केलं नाही. हे त्याचं त्यालाच नंतर नवल वाटलं. वर येऊन तो पेपर घेऊन बसला. मर्सी डबा भरताना म्हणाली, "चेहरा का असा? पाणी वाईट आलं?"

"आपल्या विहिरीचं आहे," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"पास्कल विकतोय. टँकरला."

मर्सीने डब्याचं झाकण लावलं. तिने तिथे नवी नवरी म्हणून पहिली घागर भरली होती. "फोन कर त्याला," ती म्हणाली, आणि घड्याळ बघून चपला घातल्या. मग दारातून वळून म्हणाली, "पण काय सांगणार? इथले छप्पन्न लोक काय पिणार ते पण ठरवून ठेव." ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच विचारायचं होतं. तेच जास्त लागलं.

त्याने दुपारी फोन केला. पास्कलने उचलला, आणि ॲन्सेल्मने आंब्यांविषयी विचारलं. यंदा मोहर गळाला म्हणाला पास्कल. आयची तब्येत? बरी हाय, गुडघे दुखतात, तू ईस्टरनंतर आला नाहीस म्हणते. येतो रविवारी, ॲन्सेल्म म्हणाला. मंगळवार ते रविवार, असे चार दिवस मध्ये. त्या चार दिवसांत चार वेळा तो पेला घेऊन टाकीपाशी गेला, घोट तोंडात धरला, आणि दर दिवशी तो भार जिभेवर थोडा पुढे सरकत होता, मुळापासून मध्यापर्यंत, मध्यापासून कडांपर्यंत. चार वेळा त्याने सही केली. शुक्रवारी जिन्यात जयवंतीबाई भेटल्या, हातात पिळलेल्या चादरीचा पिळा, म्हणाल्या, "भाऊ, टँकर बंद नाही ना व्हायचे? खालच्या बिल्डिंगचे झालेत म्हणे." तो म्हणाला, नाही हो, मी आहे ना. मी आहे ना! जिना चढताना त्याला स्वतःच्या या वाक्याची शिसारी आली. दुसऱ्या बाजूचा टँकर लावावा म्हणून त्याने गुपचूप तिघांना विचारून पाहिलं. एकाने जूनशिवाय गाडी नाही म्हणून सांगितलं, दुसऱ्याने बोअरचं चालेल का विचारलं, तिसऱ्याने आपलेपणाने सल्ला दिला : नंदाखालच्या बाजूला बघा साहेब, तिथलं पाणी एक नंबर.

बाबांचं त्याला फार आठवत होतं त्या दिवसांत. अशाच एका उन्हाळ्यात, ॲन्सेल्म तेव्हा खारला बदलीवर होता, गावातल्या बायका-पुरुषांनी विहिरी उपसून शहराला पाणी नेणारे टँकर अडवले होते. रस्त्यावर पोती टाकून बसले. बाबा सत्तरीच्या पुढचे, तेही जाऊन बसले, डोक्यावर ओला पंचा, हातात जपमाळ. संध्याकाळी ऊन लागून आजारी पडले. ॲन्सेल्म रात्रीच्या गाडीने पोचला तेव्हा ते खाटेवर होते आणि पास्कल पायाला कांदा चोळत होता. ॲन्सेल्म चिडून म्हणाला होता, या वयात हे काय, तुम्ही एकटे काय थांबवणार? बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने मान फिरवली. पुढल्या वर्षी ते गेले. त्यांना पुरून आल्यावर चार महिन्यांनी ॲन्सेल्मने फ्लॅट बुक केला. पास्कलला वाडी, मला फ्लॅट, अशी बोलणी झाली, तीही दोघांनी एकमेकांना तूच जास्त घे म्हणत केली. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं असं त्याला हल्ली वाटायचं. भांडणात निदान कोणीतरी विहिरीचं नाव घेतलं असतं.

रविवारी मर्सीला ड्यूटी होती. तो एकटाच रिक्षाने स्टेशनला गेला, पुलावरून पश्चिमेला उतरून एसटी धरली. खिडकीतून आधी बिल्डिंगा, मग बिल्डिंगांचे पाये, मग बांधकामाचे पत्रे, मग एकदम केळी. तिथे हवा बदलायची, अजूनही बदलते, गारवा नव्हे, पण उन्हात ओलसरपणा येतो. निर्मळच्या वळणावर रिकामा टँकर समोरून आला आणि ॲन्सेल्म खिडकीपासून आत सरकला. सुधाकर नव्हता. त्याने काय सांगायचं ते पाठ केलं होतं. बाबांचा शब्द सांगायचा. इंजिन बंद कर म्हणायचं. अकरा दिवस. तिकडची छप्पन्न घरं मी बघून घेतो म्हणायचं, आणि मग कशी बघायची ते परतीच्या एसटीत ठरवायचं. ठरलं होतं सगळं.

पास्कल विहिरीवरच होता. बनियन, गुडघ्याला बांधलेली पट्टी, पंचेचाळिशीतच केस पांढरे. आय जवळच्या पडवीत दगडी उंबऱ्यावर बसून लसूण सोलत होती. चौऱ्याऐंशीची, ऐकायला मात्र सगळं येतं. तिने ॲन्सेल्मचा चेहरा दोन्ही हातांत धरला, कपाळावर अंगठ्याने क्रूस काढला आणि म्हणाली, "वाळलास." ती सगळ्यांनाच वाळलास म्हणते. मग तो विहिरीकडे गेला. काठाला नवा, जाड, काळा पाईप बांधलेला होता, पडक्या रहाटाच्या लाकडाला दोरीने आवळून. क्रूसाच्या दगडावर त्या पाईपचं वेटोळं पडलं होतं. मागे अर्धी वाडी मोकळी होती. केळी होत्या त्या दाराजवळ, वीस-पंचवीस. बाकी गवत.

"माणूसच मिळत नाय, भाऊ," पास्कल न विचारताच म्हणाला. तो विचारायची वाटच बघत असणार. "सगळे बिल्डिंगच्या कामावर. एकट्याने आळी कवा काढू, पाणी कवा लावू, घड कवा उतरवू? हा गुडघा असा. पोर गेलं आखातात. हे लोक येतात, पाईप सोडतात, अर्ध्या तासात जातात. मी नुसतं बघायचं." मग एकदम हसला. "आणि हा टँकरवाला सांगतो, त्या पलीकडच्या बिल्डिंगचा कोन सेक्रेटरी हाय, लय वाकडा माणूस. पेला घेऊन उभा असतो म्हणे. दुसऱ्या विहिरीचं चालतच नाय त्याला. हेच पाहिजे! रोज तीन गाड्या. मी म्हटलं, असंल कोनी आपल्यातलाच, शहरात जाऊन बसलेला."

ॲन्सेल्म हसला. हसायला हवं होतं म्हणून. तोच मी, एवढे दोन शब्द म्हणायचे होते. त्याऐवजी त्याने पाईपला हात लावून पाहिला, जणू पाईप कसला आहे ते बघायला तो एवढ्या लांब आला होता.

पास्कलने हसणं थांबवलं. तो आत गेला आणि पितळी तांब्या घेऊन आला. त्याने त्याला दोरी बांधली. "भाऊ, एक काम कर. बरं झालं आलास. मला कळत नाय. रोजचंच पितो ना, मला आता काय कळत नाय. आणि माझी जीभ बाबांची नाय, तुझी हाय, ते पण म्हणायचे." तांब्या खाली गेला, बराच वेळ गेला, पूर्वी एवढी दोरी कधी लागत नव्हती. "तू चाख आणि सांग. तू मचूळ म्हटलंस तर आत्ता पाईप कापतो. देवाशपथ. ती तीन गाड्यावाली बिल्डिंग गेली खड्ड्यात. तू फक्त सांग."

त्याने तांब्या ॲन्सेल्मच्या हातात दिला. ॲन्सेल्मने घोट घेतला. डोळे मिटायची गरज नव्हती, पण मिटले गेले. वाळ्याचा वास उरला नव्हता. पाणी जिभेवर पडल्या पडल्या कडांना लागलं, आणि गिळायच्या आधीच घशाने त्याला नको म्हटलं. कोणीही ओळखलं असतं. बाबांची जीभ कशाला, कुठल्याही पोराची चालली असती. तोंडात तो घोट धरून तो उभा होता आणि पास्कल समोर तसाच चड्डी सावरणाऱ्या पोरासारखा थांबला होता, पडवीत लसूण सोलायचा आवाज बंद झाला होता. मचूळ. तीन अक्षरं. ती उच्चारली की पाईप सुटणार होता, आणि सोमवारी सकाळी टाकीपाशी छप्पन्न घरांच्या बादल्या, आणि जयवंतीबाई हातात चादर घेऊन, आणि तो. आणि कोणीतरी विचारणार, का हो बंद झालं, तुमच्याच गावचं ना? आणि इकडे पास्कल, अर्ध्या वाडीच्या गवतात, दुखऱ्या गुडघ्याने, त्याला 'आता काय करू' विचारणार, आणि त्याला उत्तर नसणार. बाबांना होतं, लावता येते परत म्हणाले होते, पण लावणार कोण? ॲन्सेल्मला थुंकायचं होतं. केळीच्या बुंध्याशी, बाबा थुंकले तसं. त्याने मान वळवलीही. पण दारात आलेल्या पाहुण्यासारखा तो भावाच्या अंगणात उभा होता, पायात बूट, खिशात परतीच्या एसटीची सुटी नाणी, आणि थुंकायचा हक्क त्याने कधीच सोडला होता. त्याने घोट गिळला.

"गोड आहे," तो म्हणाला. पुस्तकी मराठीत, बँकेत बोलायचा तसं. घरच्या बोलीत ते खोटं जिभेवर आलंच नसतं.

पास्कलने मोठा श्वास सोडला. "गोड ना? मीपण तेच म्हणत होतो," तो म्हणाला, दोनदा म्हणाला, आणि तांब्या उपडा करून ठेवला. मग घाईघाईने मोटरच्या खोलीकडे गेला. दहाची गाडी यायची होती. मोटर सुरू झाल्याचा आवाज आला, पाईपाने अंग झटकलं, फुगला. ॲन्सेल्मला वाटलं की परत बोलवावं, चेष्टा केली म्हणावं. तो हाक मारेपर्यंत मोटरचा आवाज एवढा वाढला की हाक मारून उपयोग नव्हता, आणि या गोष्टीचा त्याला थोडा दिलासाच वाटला, आणि त्या दिलाशाची लाज.

आयने त्याला आत हाक मारली. पाटावर बसवलं, पुढे काशाच्या वाटीत पेज ठेवली, बाजूला सुक्या बोंबिलाची चटणी. तो बोलायला नको म्हणून खाली मान घालून पेज भुरकू लागला. अर्धी वाटी संपल्यावर त्याला सुचलं की काहीतरी बोलायला पाहिजे, आईच्या हातची पेज आहे. "तुझ्या हाताला चव आहे गं, आय," तो म्हणाला. "मीठ नेहमी बेताचं."

मोटर बाहेर ओढत होती.

"मीठ घातलेलं नाय मी," ती म्हणाली. "आठ दिस झाले. घालायला लागतच नाय." मग दाराकडे, मोटरच्या आवाजाकडे तिने हनुवटीने दाखवलं. आवाज खाली आणला. "पास्कल रोज दोन वाट्या पितो. मीठ का नाय म्हणून एकदापण विचारलं नाय."

बाहेर टँकरचा हॉर्न वाजला आणि पास्कलचा आवाज आला, या, या, घ्या मागे, अजून मागे.

"वाढू का अजून?" आयने विचारलं.

त्याने वाटी पुढे केली.